विमान जमिनीजवळ आले की चित्र का अडखळते? फ्लाइट सिम्युलेटरसाठी संगणकाची जुळवणी

फ्लाइट सिम्युलेटरमध्ये, म्हणजे संगणकावर खऱ्यासारखे विमान उडवण्याच्या प्रोग्रॅममध्ये, नागपूरहून निघालेले एअरबस ए३२० विमान ३४,००० फुटांवरून मराठवाडा ओलांडत असते आणि पडद्यावरचे चित्र पाण्यासारखे वाहत असते. ठाण्याची खाडी मागे पडून घाटकोपरच्या इमारतींपलीकडे मुंबईची धावपट्टी २७ समोर दिसू लागते, आणि वैमानिकाला सर्वांत नाजूक काम करायचे असते नेमक्या त्याच वेळी चित्र अडखळू लागते. बहुतेक जण याचा एकच अर्थ काढतात, की ग्राफिक्स कार्ड कमी पडते आहे, आणि पुढच्या बोनसमधून महागडे कार्ड घेण्याचे ठरवतात. मीही एकदा तेच केले होते. नवे कार्ड बसवल्यावर ढग सुंदर झाले, समुद्राचे पाणी चमकू लागले, पण धावपट्टी २७ वर उतरतानाचे झटके जिथल्या तिथे राहिले. असे का होते, हे समजून घेतले तर खर्च वाचतोच, शिवाय सेटिंगच्या त्या लांबलचक यादीची भीतीही उरत नाही. या लेखातील उदाहरणे मुख्यतः मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरच्या २०२० आणि २०२४ या आवृत्त्यांची आहेत, कारण आज सर्वाधिक प्रश्न त्यांच्याविषयीच विचारले जातात.

आधी मोजमापाविषयी. एका सेकंदात पडद्यावर किती चित्रे उमटतात या आकड्याला आपण एफपीएस म्हणतो, पण डोळ्याला खरे जाणवते ते एका चित्राला लागलेला वेळ. सेकंदाला ३० चित्रे म्हणजे प्रत्येक चित्रासाठी सुमारे ३३ मिलिसेकंद, आणि ६० चित्रे म्हणजे साधारण १६.७ मिलिसेकंद. समजा एका सेकंदात ४० चित्रे उमटली, पण त्यांपैकी ३९ चित्रांना प्रत्येकी २२ मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागला आणि उरलेल्या एकट्या चित्राने १५० मिलिसेकंद खाल्ले, तर कोपऱ्यातला आकडा ४० च दाखवील, पण विमान मध्येच ठेचकाळल्यासारखे वाटेल. म्हणून सरासरीने मोठ्या पण मधूनमधून अडखळणाऱ्या आकड्यापेक्षा लहान पण एकसारखा आकडा चांगला, ही गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की केलेली बरी.

आता एक चित्र तयार कसे होते ते पाहू. स्वयंपाकघरात एक जण पोळ्या लाटतो आणि दुसरा तव्यावर भाजतो, अशी कल्पना करा. प्रोसेसर हा लाटणारा आहे. विमान कुठे पोहोचले, वारा कुठून येतो आहे, कोणती इमारत कुठे उभी करायची, याचा हिशेब करून तो प्रत्येक चित्राची तयारी पुढे सरकवतो. ग्राफिक्स कार्ड हा भाजणारा आहे. आलेल्या तयारीतून तो रंग, सावल्या, प्रकाश आणि ढग यांसह प्रत्यक्ष चित्र उमटवतो. लाटणारा मिनिटाला दोनच पोळ्या देत असेल, तर तवा कितीही मोठा आणला तरी ताटात मिनिटाला दोनच पोळ्या पडणार, फक्त तवा मधल्या वेळात रिकामा तापत राहणार. उलट भाजणाराच हळू असेल तर लाटलेल्या पोळ्या पोळपाटावर साचत जाणार. सेटिंग बदलण्यापूर्वी विचारायचा एकमेव प्रश्न म्हणजे, माझ्या संगणकात या क्षणी कोण कोणासाठी थांबला आहे?

इतर खेळांत हा प्रश्न इतका टोकदार नसतो. गोळीबाराच्या खेळात रिंगण ठरलेले असते आणि भिंतींपलीकडचे काही दिसत नाही. विमानातून मात्र क्षितिजापर्यंत दिसते. सुमारे दहा किलोमीटर उंचीवरून क्षितिज जवळजवळ ३५७ किलोमीटर दूर असते, म्हणजे पुण्याच्या आकाशातून हवा निर्मळ असेल तर तत्त्वतः पणजीपर्यंतचा प्रदेश नजरेच्या टप्प्यात येतो. या साऱ्या भूभागाचा हिशेब ठेवत असतानाच विमानाचे हवेतील वर्तन, इंजिने, हायड्रॉलिक यंत्रणा, उड्डाणसंगणक, आसपासची विमाने आणि हवामान यांचीही गणिते चालू असतात. यातील पुष्कळसे काम एकापाठोपाठ एक असेच करावे लागते, कारण वाऱ्याचा परिणाम कळल्याशिवाय विमानाची जागा कळत नाही आणि विमानाची जागा कळल्याशिवाय खिडकीतून काय दिसावे हे ठरत नाही. त्यामुळे हा भार मुख्यतः एकाच थ्रेडवर, म्हणजे प्रोसेसरच्या कामाच्या एकाच सलग धाग्यावर पडतो. २०२४ च्या आवृत्तीत कामाची वाटणी जास्त थ्रेडांत केलेली आहे, तरी मुख्य थ्रेडचे महत्त्व संपलेले नाही.

इथेच विंडोजचा टास्क मॅनेजर, म्हणजे संगणकाच्या कोणत्या भागावर किती भार आहे हे दाखवणारा प्रोग्रॅम, आपल्याला फसवतो. आठ कोअर (प्रत्यक्ष गणिते करणारे भाग) आणि सोळा थ्रेड असलेल्या प्रोसेसरमध्ये एकच थ्रेड पूर्ण क्षमतेने राबत असेल तर एकूण वापरात त्याचा वाटा केवळ सव्वासहा टक्के दिसतो. बाकीच्या थ्रेडांवरची किरकोळ कामे धरून आकडा २०-२५ टक्क्यांवर दिसला, की माणूस समजतो प्रोसेसर आरामात आहे. प्रत्यक्षात लाटणाऱ्याचे हात दुखत असतात आणि बाकीचे पाटावर बसून असतात.

खरे उत्तर सिम्युलेटर स्वतःच देतो. सामान्य पर्यायांत डेव्हलपर मोड चालू केल्यावर पडद्याच्या वरच्या बाजूला एक पट्टी येते आणि तिच्यातून एफपीएसचा मोजफलक उघडता येतो. त्यावर ‘लिमिटेड बाय मेनथ्रेड’ असे आले तर अडचण प्रोसेसरची आहे, ‘लिमिटेड बाय जीपीयू’ असे आले तर ग्राफिक्स कार्डाची. हा मोजफलक नको असेल तर एक घरगुती चाचणीही पुरते: रेंडर रिझोल्युशन, म्हणजे चित्र किती पिक्सेलांत काढायचे हे ठरवणारे सेटिंग, तात्पुरते अर्ध्यावर आणा. चित्र धूसर होऊनही एफपीएस वाढला नाही, तर तवा आधीच रिकामा होता असे समजावे. ही चाचणी एका ठिकाणी करून भागत नाही, कारण मराठवाड्यावरून जाताना कार्डाची मर्यादा आड येते आणि मुंबईच्या विमानतळावर प्रोसेसरची, असे एकाच उड्डाणात घडू शकते. ढगांच्या दाट थरातून जाताना आणि विमानतळाच्या फाटकापाशी, म्हणजे गेटपाशी, उभे असताना असे किमान दोनदा पाहावे.

मुख्य थ्रेड अडत असेल तर सर्वांत परिणामकारक सरकपट्टी म्हणजे टेरेन लेव्हल ऑफ डिटेल, जिला जाणकार टीएलओडी म्हणतात. भूभागाचा बारीक तपशील विमानापासून किती दूरपर्यंत दाखवायचा हे ती ठरवते, आणि २०२० च्या आवृत्तीत ती १० पासून ४०० पर्यंत जाते. हे अंतर दुप्पट केले की वर्तुळाचे क्षेत्रफळ चौपट होते. दूरच्या भागाचा तपशील विरळ असल्यामुळे भार अगदी चौपट होत नाही, पण १०० वरून २०० वर जाणे म्हणजे दुप्पट काम नव्हे, त्याहून बरेच जास्त, हे लक्षात असावे. गंमत अशी की या सेटिंगची गरज आणि किंमत एकमेकांच्या उलट दिशेने चालतात. उंचावर असताना ती वाढवली तर दूरचे डोंगर रेखीव दिसतात आणि प्रोसेसरवर तेवढा ताण नसतो, तर जमिनीवर असताना विमानतळाच्या भिंतीपलीकडचे फारसे दिसत नाही, तरीही घनदाट शहराचा हिशेब चालूच राहतो. म्हणून मोठ्या विमानतळांसाठी १०० च्या आसपास आणि छोट्या धावपट्टीवरून डोंगरदऱ्यांत हिंडण्यासाठी २०० किंवा अधिक, अशी माझी विभागणी आहे. उंचीनुसार हा आकडा आपोआप बदलणारे मोफत साहाय्यक प्रोग्रॅमही मिळतात आणि लांबच्या उड्डाणांना ते उपयोगी पडतात.

त्यानंतर क्रम लागतो रहदारीचा. फाटकांवर उभी असलेली विमाने, सामानाच्या गाड्या, रस्त्यांवरची वाहने, जहाजे यांतील प्रत्येक वस्तू हिशेबाच्या वहीत एक ओळ वाढवते. रस्त्यांवरची वाहने निम्म्याने कमी केली तर आकाशातून कोणाच्या लक्षातही येत नाही, पण फाटकांवरची विमाने काढून टाकली की विमानतळ ओसाड दिसतो, म्हणून कात्री आधी रस्त्यांवर चालवावी. कॉकपिटमधल्या काचेच्या पडद्यांचा रिफ्रेश रेट हेही असेच एक दुर्लक्षित सेटिंग आहे. आधुनिक विमानांतले हे पडदे स्वतंत्रपणे रंगवावे लागतात आणि ते मध्यम गतीवर आणले तरी उड्डाणात काही बिघडत नाही. विमानाची निवडही इथेच मोजावी लागते. फ्लायबायवायरचे मोफत ए३२० किंवा पीएमडीजीचे बोइंग ७३७ यांच्यासारख्या विमानांत खऱ्या यंत्रणांची इतकी गणिते चालतात, की त्याच जागी उभ्या केलेल्या साध्या सेस्ना १७२ मध्ये चित्र कितीतरी सुरळीत दिसते. एकाच सेटिंगमध्ये मित्राला ५० एफपीएस मिळतात आणि आपल्याला ३२, याचे कारण पुष्कळदा त्याचे विमान असते. न्यूयॉर्कसारखी शहरे, जिथे हवाई छायाचित्रांवरून प्रत्येक इमारत त्रिमितीत उभी केलेली आहे, तीही तुलनेसाठी वेगळ्या खात्यातच धरावीत.

ग्राफिक्स कार्ड अडत असेल तर प्रकरण सोपे आहे. पहिला हिशेब पिक्सेलांचा: १९२० गुणिले १०८० म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल, आणि ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ज्याला फोर-के म्हणतात, ते जवळजवळ ८३ लाख, बरोबर चौपट. रेंडर स्केल, म्हणजे वर आलेले तेच रेंडर रिझोल्युशन, ८० टक्क्यांवर आणला तर लांबी आणि रुंदी दोन्ही ८० टक्के होतात, म्हणून पिक्सेल ६४ टक्केच उरतात. एनव्हीडियाचे डीएलएसएस तंत्र, जे या सिम्युलेटरमध्ये २०२२ साली आले, हाच मार्ग अधिक हुशारीने वापरते. क्वालिटी या पर्यायात प्रत्येक बाजूने दोनतृतीयांश आकाराचे, म्हणजे साधारण ४४ टक्के पिक्सेलांचे चित्र काढून ते मोठे केले जाते. बाहेरचा देखावा त्यात फारसा बिघडत नाही, पण कॉकपिटच्या पडद्यांवरचे भराभर बदलणारे आकडे मात्र किंचित पुसट होतात किंवा त्यांच्यामागे सावली रेंगाळते. उंचीचा आकडा वाचता येत नसेल तर एफपीएस वाढून काय करायचे, असे माझे मत आहे, म्हणून माझ्या कार्डाला झेपते तोवर मी साधे टीएए, म्हणजे चित्रातल्या कडांचे दाते गुळगुळीत करणारे नेहमीचे तंत्र, वापरतो.

कार्डावरचे सर्वांत जड सेटिंग म्हणजे ढग. इथले ढग चिकटवलेली चित्रे नसून प्रकाश त्यांच्या आत कसा पसरतो याचे गणित असते. अल्ट्रावरून हायवर उतरल्यास जाणवण्याइतका वेळ वाचतो आणि दोन्हींतला फरक शांत पडद्यावर शोधावा लागतो. सावल्या, प्रतिबिंबे आणि अँबियंट ऑक्लूजन (कोपऱ्या-खाचांतली मंद सावली) यांचे तसेच आहे, एकेक पायरी खाली आणावी आणि पुढे जावे. टेक्स्चर रिझोल्युशनचा, म्हणजे पृष्ठभागांवर चढवलेल्या चित्रांच्या बारकाईचा, न्याय वेगळा आहे. कार्डाची स्वतःची मेमरी भरेपर्यंत त्याची किंमत जवळजवळ शून्य असते, आणि भरली की एकदम झटके सुरू होतात, कारण उरलेली माहिती संगणकाच्या मुख्य रॅममधून सारखी ने-आण करावी लागते. आठ जीबीच्या कार्डावर फोर-के आणि अल्ट्रा टेक्स्चर यांचा संसार टिकत नाही.

फ्रेम जनरेशनविषयी बराच गैरसमज आहे. या तंत्रात ग्राफिक्स कार्ड दोन खऱ्या चित्रांच्या मधे एक अंदाजे चित्र स्वतःच घालते. त्यासाठी प्रोसेसरला विचारावे लागत नाही, म्हणूनच प्रोसेसर अडलेला असताना ते चमत्कारासारखे वाटते आणि ३५ चे ७० दिसू लागतात. परंतु जॉयस्टिक हलवल्यावर विमान किती लवकर प्रतिसाद देते हे खऱ्या ३५ चित्रांवरच ठरते, उलट मधले चित्र तयार करण्यासाठी थोडा उशीरच होतो. प्रवासी विमानात तो उशीर सहज खपून जातो, हेलिकॉप्टर तरंगत ठेवताना खपत नाही.

एफपीएसला स्वतःहून मर्यादा घालणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि तो करायला लोक सर्वांत नाखूश असतात. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा ताज्या होणाऱ्या, पडद्यावर ३० ची मर्यादा घातली की प्रत्येक चित्र बरोबर दोन आवर्तने टिकते, १२० हर्ट्झच्या पडद्यावर ४० ची घातली की तीन. प्रोसेसरला प्रत्येक चित्रानंतर थोडी उसंत मिळते आणि अचानक आलेला नवा भूभाग त्या उसंतीत सामावला जातो. ३० आणि ५५ च्या मध्ये उड्या मारणाऱ्या चित्रापेक्षा ४० वर खिळलेले चित्र पाहिले, की आकड्यांचा मोह बराच कमी होतो.

आता यंत्राकडे वळू. एएमडीच्या रायझेन ७ ५८००एक्स३डी या एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या प्रोसेसरने सिम्युलेटरच्या जगात मोठी खळबळ उडवली. त्याचा वेग साध्या ५८००एक्सपेक्षा थोडा कमीच होता, पण तिसऱ्या पातळीची कॅश ३२ एमबीऐवजी ९६ एमबी होती. पुन्हा स्वयंपाकघरात गेलो तर कॅश म्हणजे हाताशी असलेला मिसळणाचा डबा, रॅम म्हणजे भिंतीतले फडताळ, एसएसडी म्हणजे मागची कोठी आणि इंटरनेट म्हणजे कोपऱ्यावरचे किराणा दुकान. सिम्युलेटरला असंख्य छोट्या वस्तूंची माहिती सतत, आणि ठरलेल्या क्रमाशिवाय, लागत असते. डबा मोठा असला की फडताळापर्यंतच्या फेऱ्या वाचतात. पुढे आलेले ७८००एक्स३डी आणि ९८००एक्स३डी याच तत्त्वावर चालतात, आणि केवळ सिम्युलेटरसाठी संगणक बांधायचा असेल तर जास्त कोअरांच्या मोहात न पडता हीच घराणी पाहावीत.

फडताळापर्यंतचे अंतरही महत्त्वाचे आहे. ३२०० वेगाची डीडीआर४ रॅम विकत घेतली, तरी बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, एक्सएमपी हा पर्याय चालू केल्याशिवाय ती बहुधा २१३३ किंवा २४०० वरच धावते. एएमडीच्या डीडीआर५ बोर्डांवर याच पर्यायाला एक्स्पो म्हणतात. माझी रॅम जवळजवळ वर्षभर २१३३ वर चालत होती आणि मला पत्ताही नव्हता. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर वेग लिहिलेला असतो, तो आजच पाहून घ्यावा. एकच १६ जीबीची पट्टी असेल तर रॅमचा निम्मा मार्ग बंद असतो, त्यापेक्षा आठ-आठच्या दोन पट्ट्या बऱ्या. क्षमतेचे म्हणाल तर २०२० च्या आवृत्तीसाठी आदर्श म्हणून ३२ जीबी सांगितलेली आहे, २०२४ साठी ६४, आणि माझ्या मते ३२ मध्ये दोन्हींचे भागते. सिम्युलेटर एसएसडीवरच असावा, याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही. भूभागाची माहिती इंटरनेटवरून येत असते, पण इंटरनेट मंद असेल तर एफपीएस कमी होत नाही, जमीन मेणासारखी वितळलेली दिसते. ती अडचण वेगळी आहे आणि ग्राफिक्सच्या पट्ट्या सरकवून ती सुटत नाही.

आपल्याकडे एक शत्रू असा आहे, ज्याची युरोपातल्या सल्ल्यांत फारशी दखल घेतलेली नसते. अकोल्यात किंवा चंद्रपुरात मे महिन्यात बाहेरचे तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते. जे ग्राफिक्स कार्ड जानेवारीत २० अंशांच्या खोलीत ६५ अंशांवर चालते, ते ३६ अंशांच्या खोलीत तितक्याच कामासाठी ८० च्या पुढे जाते, आणि मर्यादेजवळ पोहोचले की स्वतःचा वेग कमी करते. ७८००एक्स३डी या प्रोसेसरची कमाल मर्यादा ८९ अंश आहे. त्यामुळे उड्डाणाची पहिली वीस मिनिटे सुरळीत आणि उतरताना झटके, असे दिसले तर सेटिंगआधी तापमान पाहावे. कॅबिनेटच्या जाळीवरची धूळ झाडणे, कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढणे आणि कार्डाचे व्होल्टेज किंचित उतरवणे, या तीन गोष्टींनी जे साधते ते ओव्हरक्लॉकिंगने, म्हणजे यंत्र ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवून, साधत नाही.

एक्स-प्लेन हा दुसरा सिम्युलेटर वापरणाऱ्यांसाठी थोडेसे वेगळे. २०२० मध्ये ११.५० आवृत्तीत व्हल्कन, म्हणजे ग्राफिक्स कार्डाशी बोलण्याची नवी पद्धत, आल्यापासून त्याचे प्रोसेसरवरचे ओझे हलके झाले, पण तेथील वर्ल्ड ऑब्जेक्ट्स (भूभागावरच्या वस्तूंची संख्या) ही पट्टी अजूनही मुख्यतः प्रोसेसरकडूनच वसुली करते. शिवाय एफपीएस साधारण २० च्या खाली गेला की एक्स-प्लेन घड्याळच हळू करतो, कारण उड्डाणाची गणिते त्याहून विरळ अंतराने केली तर चुकू लागतात. ऑनलाइन उड्डाणात याचा अर्थ असा, की नियंत्रकाला तुमचे विमान तुमच्या वेगदर्शकापेक्षा हळू चाललेले दिसते.

हे सारे तपासताना एका वेळी एकच सेटिंग बदलावे. उड्डाण एकच, वेळ एकच, ठरावीक हवामान, प्रत्यक्ष रहदारी बंद, आणि पहिली फेरी मोजायचीच नाही, कारण तिच्यात भूभाग इंटरनेटवरून नुकताच उतरवला जात असतो. २००६ च्या एफएसएक्स या मायक्रोसॉफ्टच्याच जुन्या सिम्युलेटरच्या काळात आम्ही कोणीतरी लिहिलेल्या गूढ ओळी कॉन्फिग फाइलमध्ये आंधळेपणाने चिकटवत असू, आणि चार जीबीच्या ३२-बिट मर्यादेमुळे उतरण्याच्या क्षणी ‘डिंग’ असा आवाज होऊन सारेच बंद पडत असे. त्या ओळींचा उपयोग झाला की नाही हे कोणीच मोजले नव्हते. आजही ‘जादूची सेटिंग’ म्हणून फिरणाऱ्या याद्यांचे फारसे वेगळे नाही, कारण ती यादी लिहिणाऱ्याचा प्रोसेसर, पडदा आणि विमान आपले नसते.

एवढे करूनही मुंबईच्या धावपट्टीवर मोजफलक मेनथ्रेडच दाखवत असेल आणि आकडा ३० पर्यंत पोहोचत नसेल, तर मात्र प्रोसेसर बदलण्याची वेळ आली असे समजावे. एएम४ सॉकेटचा (एएमडीच्या प्रोसेसरांची जुनी बैठक असलेला) जुना बोर्ड असेल तर बोर्ड आणि रॅम तेच ठेवून एक्स३डी जातीचा प्रोसेसर बसू शकतो. फक्त जुना प्रोसेसर काढण्याच्या आधी बायोस नवे करून घ्यावे आणि त्या वेळी वीज जाणार नाही याची, म्हणजे यूपीएसची, व्यवस्था असावी.